आधी ताट, मग पाठ

भुकेल्या माणसाला अन्न देताना त्याच्याकडून आधी काही काम करून घ्यावे, काही विद्या शिकण्याची सक्ती करावी, की काहीएक न विचारता पान वाढावे? प्रश्न जुनाच आहे. परंतु आमच्या आमगावात गेल्या सप्ताहाच्या वेळी तो असा काही दाराशी येऊन उभा राहिला, की आम्हांस टाळता येईना. म्हणून भाविक वाचकांपुढे तो मांडीत आहोत.

झाले असे. अखंड हरिनाम सप्ताहाची तयारी चालली होती. कोणाकडे तांदूळ, कोणाकडे डाळ, कोणाकडे सरपण, अशी वाटणी चालू असता एका जाणत्या सभासदाने सूचना मांडली. ते म्हणाले, "महाराज, पंगतीला पाय ठेवायला जागा राहत नाही, अन् कीर्तनाला माणूस दिसत नाही. यंदापासून जो सकाळी दोन तास श्रमदान करील, त्यालाच पान द्यावे. फुकट खाऊन खाऊन लोक आळशी झाले जी!" बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. आमचीही मान डोलली असती. परंतु आदल्या वर्षीचा एक प्रसंग आमच्या मनात सलत होता. तो आमच्याच हातून घडलेला आहे, तेव्हा सांगण्यात संकोच नको.

आदल्या वर्षीच्या सप्ताहात एक चाळिशीतला माणूस लागोपाठ तीन दिवस पंगतीला येत होता. भजनाला नाही, प्रवचनाला नाही. पंगतीच्या वेळी मात्र नेमका हजर. चौथ्या दिवशी आम्ही त्याला चारचौघांत म्हणालो, "बापू, आधी दोन घागरी पाणी आण, मग बस." तो काही बोलला नाही. घागर उचलून हापशीकडे गेला. पंगत उठली, दुसरी बसली, पण पाणी काही येईना. आम्ही जाऊन पाहिले तो अर्धी भरलेली घागर हापशीजवळ ठेवलेली, आणि माणूस नाही. पुढे कळले, की तो गवंडीकामावर जाणारा मजूर होता. परातीवरून पडून त्याचा उजवा खांदा निकामी झाला होता. हात वर जात नव्हता. ते चारचौघांत सांगण्याची त्याला लाज वाटली, आणि उपाशी परत जाणे त्याने पत्करले. आम्हांला मात्र त्याला विचारण्याची लाज वाटली नव्हती!

एका गावच्या पंगतीची ही गोष्ट. पण हाच प्रश्न आज साऱ्या देशापुढे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य देण्याचे ठरले. आरंभी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो असा भाव होता. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे तसेच चालू ठेवण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्थलांतरित मजुरांच्या खटल्यात ८१ कोटी लोकांना असे धान्य मिळते, असे सांगण्यात आले. तेव्हा न्यायमूर्तींनी विचारले, की हे मोफत देणे कुठवर चालणार? या लोकांना रोजगार मिळावा, त्यांच्या अंगी काही कसब यावे, यासाठी आपण का झटत नाही? फेब्रुवारी २०२५ मध्ये बेघरांच्या दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयातून असेही उद्गार निघाले, की फुकट धान्य व पैसा मिळत असल्यामुळे लोक काम करावयास तयार नाहीत. कसब शिकवा, ही सूचना मोलाचीच आहे. पण गावच्या ओट्यावर येईतो तिचे रूप पालटते. तेथे लोक म्हणतात, "कंट्रोलचा तांदूळ पाहिजे ना? मग आधी ट्रेनिंगला जा. नाही गेला, तर कार्ड बंद!"

या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पूर्वपक्ष नीट ऐकून घेतल्यावाचून उत्तर देणे हे आपल्या परंपरेत बसत नाही. तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी, की धान्य घरबसल्या मिळाल्याने मजूर मिळत नाहीत. रोवणीच्या ऐन हंगामात पऱ्हे वाफ्यात वाढून जातात आणि बाया मिळत नाहीत. दुसरी अशी, की नुसते घेत राहिल्याने माणसाचा स्वाभिमान जातो. हाताला कसब आले, तर तो स्वतःच्या पायावर उभा राहील. तिसरी अशी, की हा पैसा कर भरणाऱ्यांचा आहे. काही जण मिळालेला तांदूळ दुकानात विकून त्याची दारू पितात, मग त्यांना विचारणारा कोणी नको काय? हे तीनही आक्षेप आम्ही स्वतः केव्हा ना केव्हा बोलून दाखविलेले आहेत. आम्ही धानाचे शेतकरी. मजुरांवाचून आमचेही अडते.

आता हिशेब करून पाहू. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम. आमच्या भागात दोन्ही वेळा भात खाणारा कष्टकरी माणूस एका बसणीलाच एवढे तांदूळ संपवितो. त्यात डाळ नाही, तेल नाही, मीठमिरची नाही. लेकराची वही नाही, म्हातारीचे औषध नाही. एवढ्या तांदळावर कोणी वर्षभर मांडीवर मांडी टाकून बसेल, ही गोष्ट संभवत नाही. धान्याने उपास टळतो. संसार चालत नाही. मजूर मिळत नाहीत हे खरे, पण ते गेले कुठे, हेही विचारावे. आमच्या टोलीवरची तरणी पोरे नागपूर, रायपूर, हैदराबादकडे बांधकामावर गेली आहेत, कारण तेथे मजुरी जास्त आणि काम बारमाही. आळसाने नव्हे, कामाच्याच शोधात ती गेली. आम्ही जर रोवणीला तेवढी मजुरी दिली, तर त्यातली काही तरी परत येतील. मात्र ही गोष्ट ओट्यावर कोणी बोलत नाही!

आणि हे "फुकट" धान्य येते तरी कुठून? आमच्या बांधीतले धान आधारभूत केंद्रावर जाते. तिथून गोंदियाकडच्या राईस मिलमध्ये त्याची भरडाई होते. तांदूळ सरकारी गोदामात पडतो, आणि फिरून कंट्रोलच्या दुकानात येतो. ज्या बाईने आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी केली, जिने मार्गशीर्षात तेच धान कापले, तिच्याच हातचा दाणा फिरून तिच्या पिशवीत पडतो. तिला "फुकटखाऊ" म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. शिवाय आम्हां शेतकऱ्यांना सरकार धानाला हमीभाव देते, कधी वर बोनस देते. तो घेताना "आधी शेतीचे शिक्षण पूर्ण करा, मगच पैसे" असे आम्हांला कोणी म्हटलेले नाही. म्हटले असते तर आम्ही तहसीलवर मोर्चा नेला असता. मग जी अट आम्हांला अपमानाची वाटते, ती दुसऱ्याच्या ताटाला लावताना हिताची कशी होते?

सक्तीचे प्रशिक्षण प्रत्यक्षात कसे घडेल, तेही डोळ्यांपुढे आणावे. समजा, आमगावजवळच्या एका टोलीवर पाच माणसांचे कुटुंब आहे. म्हातारी आजी, दोन लेकरे, नवरा आणि बायको. कार्डावर पंचवीस किलो धान्य. यांत शिकायला जाणार कोण? आजी जाणार नाही, लेकरे शाळेत जातात. नवरा बाहेरगावी कामावर. राहिली बायको. ती आषाढ-श्रावणात रोवणीला, कार्तिक-मार्गशीर्षात कापणीला, चैत्रात मोहफुले वेचायला, वैशाखात तेंदूपानाला जाते. मधल्या दिवसांत जे मिळेल ते. तिच्यासाठी वर्ग भरतो गोंदियाला, पंचवीसेक किलोमीटरांवर. जाण्यायेण्याचे भाडे तिचे, बुडालेली मजुरी तिची, घरी तापाने फणफणलेले लेकरू तिचे. चार दिवस गैरहजेरी लागली, तर कार्डावर लाल रेघ. आणि रेघ ओढली जाते ती काही एकटीच्या नावावर नाही. आजीचा भात आणि लेकरांचा भातही त्याच रेघेखाली जातो. ज्यांनी काहीच चुकविले नाही, त्यांना शिक्षा! आजसुद्धा राबून राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्यांचा अंगठा दुकानातल्या यंत्राला ओळखू येत नाही, आणि त्यांना दोन-दोन, तीन-तीन हेलपाटे पडतात. अट जितकी वाढवावी, तितका आधी गळतो तो दुबळाच. लबाड माणूस वाट काढतो. लाजाळू माणूस घागर ठेवून निघून जातो.

कोणी म्हणेल, ही नुसती कल्पना झाली. तर घडलेला इतिहास पाहू. इंग्रजांच्या अमदानीत सर रिचर्ड टेंपल नावाचे एक मोठे अधिकारी होऊन गेले. १८६० नंतरच्या काही वर्षांत ते आपल्याच मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते. आमचा भंडारा-गोंदियाचा मुलूख तेव्हा त्यांच्या अमलाखाली होता. पुढे १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला. टेंपल साहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, सढळ हाताने वाटला, आणि माणसे वाचविली. त्याबद्दल त्यांचा गौरव व्हावा की नाही? उलट टीका झाली, की यांनी तिजोरी उधळली, लोकांना चटावून ठेवले. तो डाग त्यांच्या मनाला लागला. १८७७ साली दख्खनेत व मद्रासेत त्याहून घोर दुष्काळ पडला, तेव्हा त्याच टेंपलांनी नेमके उलटे धोरण धरले. जो कामावर येईल त्यालाच मजुरी. आणि ती किती? दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. भूक खरी की खोटी, हे कष्टाने पारखून घ्यायचे, असा त्यामागचा विचार होता. मद्रासेच्या आरोग्य खात्याचे प्रमुख डॉ. कॉर्निश यांनी बजावले, की एवढ्यावर राबणारे शरीर टिकत नाही. मुंबई इलाख्यात मजुरी कापल्यावर हजारो लोक काम सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली. दुष्काळ साऱ्यांना दिसत होता. परीक्षा मात्र भुकेल्यांचीच घेतली जात होती. टेंपल साहेब मूळचे निर्दय असतील, असे म्हणवत नाही, कारण बिहारात त्यांनीच जीव वाचविले होते. "लोक आळशी होतील" या एका भयाने चांगल्या माणसाचाही हात कसा आखडतो, एवढेच यातून घ्यावयाचे.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे, आणि ते अभिमानाचे आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून आपल्यांत आहेत. मजूर मोर्चे काढून काम मागत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती; नाले बांधले गेले, पाझर तलाव झाले, रस्ते झाले. त्याच सुमारास रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगावच्या भागात आधी लहान प्रयोग करून ही कल्पना पुढे आणली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरांतल्या नोकरदारांनी व व्यावसायिकांनी व्यवसाय कर भरावा आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यावे, अशी तिची मांडणी होती.

"मग काय तर!" असे आमचे श्रमदानवाले सभासद म्हणतील. "तिथेही काम केले तरच पैसा होता." होता, हे खरे. पण वाचक हो, त्या योजनेचे नावच पाहा. "हमी" कोणी कोणाला दिली? मजुराने सरकारला नव्हे, सरकारने मजुराला. मजुराने काम मागितले, की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. अट होती ती देणाऱ्याच्या मानेवर. २००५ साली केंद्राने वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्यातही हेच तत्त्व घेतले होते. हल्ली जे सुचविले जाते त्यात मात्र अट फिरून भुकेल्याच्या मानेवर येते. तू शिकलास तर खाशील. शिकून झाल्यावर काम मिळेल काय, वर्ग धड भरेल काय, गुरुजी येतील काय, याची हमी कोणी देत नाही. शब्द एकच, "काम". पण पहिल्यात माणूस हक्काने मागतो, दुसऱ्यात त्याला दारात उभे करून पारखले जाते. आणि १९७२ च्या त्या कामांवरसुद्धा सुकडी वाटताना "लेकराने किती खडी फोडली?" असे कोणी विचारीत नव्हते.

परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात गरिबांना धान्यखरेदीसाठी सरकारी मदत मिळते. १९९६ च्या कायद्याने तेथे असे ठरले, की ज्यांच्यावर मुलेबाळे अवलंबून नाहीत अशा धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम करावे किंवा प्रशिक्षण घ्यावे. नाही तर तीन वर्षांत तीनच महिने मदत मिळेल. जुलै २०२५ च्या कायद्याने ही अट ६४ वर्षांच्या वयापर्यंत वाढविली. परिणाम काय झाला? व्हर्जिनिया नावाच्या एका राज्यातल्या नोंदी तपासून विद्वानांनी २०२३ साली दाखविले, की ज्यांना ही अट लागू होती त्यांच्यांतले निम्म्याहून अधिक लोक मदतीतून गळाले, आणि कामाला लागणाऱ्यांची संख्या काही वाढलेली दिसली नाही. म्हणजे ताट गेले, आणि पाठही झाला नाही.

आता आपल्या घरच्या साक्षीकडे येऊ. मंगळवेढे हे गाव वारकऱ्यांना नवीन नाही. तेथल्या दोन भक्तांच्या कथा आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो; पण त्या शेजारी शेजारी ठेवून आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. एक दामाजीपंतांची. दुष्काळ पडला, दारात माणसे तडफडू लागली, तेव्हा दामाजींनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे उघडली. परंपरा सांगते, की त्यांनी कोठारापाशी कारकून बसवून कोणी किती कष्ट केले याची नोंद घेतली नाही. कोठार परक्याचे, जबाबदारी स्वतःची. जीव जाईल हे ठाऊक असून त्यांनी दार उघडले. आणि हिशेब कोणी चुकता केला? विठू महाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगाने. देवाने दामाजींना असे विचारले नाही, की बाबा, पात्र-अपात्र पाहिले होतेस काय?

दुसरी कथा चोखोबांची. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर राबत असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह गाडले गेले. गावाने सांगितलेल्या कामाला "नाही" म्हणण्याची सोय त्यांच्या जातीला नव्हती. गावाची उष्टी भाकर आणि गावाची वेठ यांची गाठ एकत्र मारलेली होती. खायचे असेल तर सांगू ते कर, ही गाठ किती जुनी आहे आणि तिने कोणाचे जीव घेतले, हे आपण विसरता कामा नये. पंढरीत महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर आपण डोके टेकतो. तेव्हा तीच गाठ नव्या दोरीने पुन्हा बांधणे आपल्याला शोभत नाही.

"पण मग गाडगेबाबा?" असा प्रश्न येईल, आणि तो यावाच. बाबा आमच्या विदर्भाचे. कोणाच्या दारी गेले तर आधी अंगण झाडायचे, लाकडे फोडायची, मग भाकरी मागायची, हा त्यांचा शिरस्ता. फुकटचे त्यांनी खाल्ले नाही. सावतोबांनी मळ्यात देव पाहिला, गोरोबांनी चिखलात पाहिला. कष्टाचा एवढा मान दुसऱ्या कोणत्या पंथात असेल, असे आम्हांस वाटत नाही. पण बारकाईने पाहा. बाबांनी ती अट लावली होती स्वतःला. आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगती त्यांनी तीर्थोतीर्थी उठविल्या, तेव्हा खराटा हातात घेतल्याशिवाय पान नाही, असे त्यांनी कोणाला म्हटले नाही. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न हे पहिले सूत्र आहे. गरिबांच्या मुलांचे शिक्षण चौथे आहे, बेकाराला रोजगार सातवे आहे. तिन्ही आहेत, आणि तिन्ही देणाऱ्याची कर्तव्ये म्हणून आहेत. सातवे पुरे झाल्याशिवाय पहिले नाही, अशी गाठ त्यांत कुठे मारलेली नाही.

तर मग शिकवायचेच नाही काय? छे, छे! शिकवलेच पाहिजे. हाताला कसब नसल्यामुळे आमच्या गावची पोरे परमुलखात दगडमाती वाहतात, आणि तेच पोर वायरमन झाले, पंप दुरुस्त करू लागले, तर घरी राहून दुप्पट मिळवील, हे आम्हांला दिसते. आमचे म्हणणे एवढेच, की शिकणाऱ्याला जेवू घाला. जेवणाऱ्याला कोंडून शिकवू नका. शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना पाहा. १९९५ पासून ती देशभर सुरू झाली. जेवणामुळे लेकरे शाळेत आली, बसली, शिकली. तेथे जेवण हे बोलावणे होते. पोर एक दिवस आले नाही, म्हणून त्याच्या घरची चूल कोणी विझविली नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने तरुणांसाठी कार्य-प्रशिक्षणाची योजना काढली, तीत शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन ठेवले. तिच्यात उणिवा असतील, पण शिकताना पोटाची सोय व्हावी ही दिशा योग्य आहे. वर्ग गावाजवळ भरू द्या, रोवणी-कापणीचे दिवस वगळू द्या, बुडालेली मजुरी भरून द्या, शिकून झाल्यावर काम दाखवा. मग पाहा, सक्तीची गरज किती उरते ती.

राहिला प्रश्न तांदूळ विकून दारू पिणाऱ्याचा. असा माणूस आहे. आमच्याच वस्तीत आहे. नाही म्हणणे खोटेपणाचे होईल. त्याला शिक्षा व्हावी, त्याला समजवावे, त्याचे व्यसन सुटावे म्हणून धडपड करावी. हे आपल्या कीर्तनकारांचे कामच आहे. पण त्याचे कार्ड बंद केल्याने दारू बंद होत नाही. बंद होतो तो त्याच्या बायकोपोरांचा भात. दहांतला एक लबाड निघाला, म्हणून नवांना दारात उभे करून चाचपायचे की नवांसाठी दार उघडे ठेवून एकाची लबाडी सोसायची, यांत निवड करावी लागते. आम्ही दुसरी बाजू निवडतो. पहिली निवडून आम्ही एकदा चुकलो आहोत, आणि ती चूक आम्हांला भरून काढता आलेली नाही.

असो. बैठकीत आम्ही हा सारा पसारा मांडला नाही. एवढे बोलणे आम्हांला तेव्हा सुचलेही नव्हते. आम्ही फक्त हापशीजवळच्या घागरीची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सूचना मांडणारे सभासद स्वतःच म्हणाले, "राहू द्या जी. पंगतीला अट नको. श्रमदान ठेवू, पण ज्याच्या मनात असेल तो येईल." त्यांच्याबद्दलचा आमचा आदर त्या दिवशी वाढला. आणखी एका सभासदाचे पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचे दुकान आहे. ते म्हणाले, की टोलीवरची दोन पोरे माझ्याकडे पाठवा. शिकवीन, आणि शिकेपर्यंत रोज दुपारचा डबा व वर काही पैसे देईन. दोन पोरे आता तेथे जात आहेत. एक टिकेल, एक न टिकेल. त्यावर कोणाचे ताट मात्र अवलंबून नाही.

सप्ताहापूर्वी आम्ही त्या गवंडी माणसाच्या घरी गेलो. चुकलो, असे म्हणालो. तो म्हणाला, "नाही जी महाराज, तुमचे काय चुकले? तुम्हांला कुठे माहीत होते?" विचारले असते तर माहीत झाले असते, हे तो बोलला नाही, आम्हांला ते समजले. पंगतीला या, असे आम्ही दोनदा म्हटले. काल्याच्या दिवशी तो आला नाही. त्याची दोन लेकरे मात्र आली, आणि पहिल्याच पंगतीत बसली. आम्ही त्यांच्या पानावर भात वाढला, वरण वाढले. धाकट्याने मान वर करून विचारले, "पाणी आणू लागते का जी?" त्याला हे घरी कोणी सांगितले असावे, ते आम्ही ओळखले. "नाही रे बाळा," आम्ही म्हणालो, "तू जेव." आणि घागर उचलून आम्हीच हापशीकडे गेलो.

रामकृष्णहरि.